सासरेबुवांची अफू

लखलखताई हे नाव नणंदेनं ठेवलं होतं, आणि ते काही कौतुकानं नव्हे. बाई इतकी स्वच्छ, की तिनं घासून वाळत घातलेल्या घमेल्यात स्वतःला बघून एक कावळा दिवसभर स्वतःशीच भांडत बसला होता. शेवटी त्यानंच माघार घेतली.

नणंद दातांची डॉक्टर. पुढे तिचा दवाखाना, मागच्या खोलीत लखलखताईची भट्टी. तिथं सोनं, पॅलेडियम आणि लवभर कथील वितळवून दातांसाठी नवा मिश्रधातू करायचा तिनं ध्यास घेतला होता. धातूची इवलीशी टोपी तिनं घडवायची, तिच्यावर दाताच्या रंगाचं पोर्सेलीन चढवून नणंदेनं भाजायचं, की झाला दात तयार.

झाला असता, पण पोर्सेलीन टिकेल तर शपथ.

एकेचाळीस वेळा तिनं मिश्रण बदललं. सोनं वाढव, पॅलेडियम उतरव, कथलाला तंबी दे. खपली सुटावी तसं पोर्सेलीन सुटायचंच. चाचणीला घरचंच तोंड होतं, सासरेबुवांचं. त्यांचा वरचा पुढचा दात तुटून नुसता खुंट उरला होता. तोंडापर्यंत दोनच दात पोचले. पहिला पावाच्या कडेनं गेला. दुसरा कालच, शेजारी पाय घसरून पडला तेव्हा सासरेबुवा खदखदून हसले म्हणून. तुकडा खिडकीतून उडाला तो थेट पोस्टमनच्या कपाळावर. गारा पडायला लागल्या म्हणून त्या बिचाऱ्यानं छत्री उघडली.

"वहिनी, तुझा धातू झकास आहे गं," नणंद म्हणाली. "फक्त त्याच्यावर काही टिकत नाही. माझ्या भावाच्या नोकरीसारखं."

"टिकेल हो, वन्सं."

"आता तिसरी टोपी शेवटची. ती गेली तर मागच्या खोलीत एक्स-रेचं मशीन येणार. तुझी भट्टी भंगारात."

लखलखताईनं फडकं उचललं. तिनं भट्टी पुसली.

आता यात एक भानगड होती. भट्टीतून निघालेल्या टोपीवर दर वेळी करडा, मळकट थर यायचा. काळ्या तोंडाची वस्तू खोलीबाहेर पाठवेल तर ती लखलखताई कसली! ती टोपी आम्लात बुडवायची, घासणीनं घासायची आणि आरशासारखी करूनच नणंदेकडे धाडायची. आणि दर वेळी सासरेबुवा दारात उभे राहून कळवळून सांगायचे,

"फूनबाई, फाय अफू द्या!"

घरात हलकल्लोळ. नणंद धावत आली.

"बाबा, या वयात अफू?"

"अफू नाही गं! अफू द्या, अफू!"

"नाही म्हणता आणि दोनदा मागता!"

"फाय म्हणजे चाय असणार," शेजारी खिडकीतून म्हणाला. "चहातून घेतात म्हणे."

सासरेबुवा दात-ओठ खाऊ लागले, पण त्यातही एक दात कमी पडत होता. लिहून द्या म्हटलं, तर अक्षर असं की कागद उलटा धरल्यावर जरा बरं दिसायचं.

तिसऱ्या टोपीच्या दिवशी सकाळी लखलखताईनं टोपी भट्टीतून काढली, विटेवर निवायला ठेवली, काही वेळानं आम्लाची बाटली आणायला वळली. परत बघते तो वीट रिकामी! तिनं राख चाळली, बंब हलवला, स्वतःचा अंबाडा सोडून झटकला. टोपी नाही. दुपार कलली तसा तिनं हाय खाल्ली, भट्टीला शेवटचं लखलखीत पुसलं आणि कबुली द्यायला दवाखान्यात गेली.

खुर्चीत सासरेबुवा आ वासून बसलेले. नणंद चिमुकल्या हातोडीनं नवा दात ठोकत होती. टक टक.

"वहिनी, आज टोपी अशी पारोशी कशी पाठवलीस बाबांबरोबर? पोर्सेलीन चढवताना मलाच लाज वाटली. पण हे बघ, हलतच नाही!"

सासरेबुवांनी खिशातून अक्रोड काढला, पुढच्या दातांत धरला आणि चावला. असा आवाज झाला, की बाहेर बसलेल्या पेशंटची दाढ जागच्या जागी बरी झाली आणि तो घरी गेला. अक्रोडाचे दोन तुकडे. दात शाबूत.

सासरेबुवा उठून उभे राहिले.

"सूनबाई!" त्यांचा 'स' असा खणखणीत निघाला की नणंदेनं चष्मा पुसला. "साय असू द्या! साय! तीस वर्षं एनॅमलची भांडी भाजली मी. भट्टीतून आलेल्या धातूवर करडी साय धरते, तिला चिकटूनच वरचा थर बसतो. तुम्ही रोज ती खरवडता आणि दोष कथलाला देता! म्हणून आज विटेवरून उचलली आणि सटकलो."

लखलखताईनं बोटांवर हिशेब केला. एकेचाळीस मिश्रणं बदलली, घासणी तेवढी खाली ठेवायची राहिली होती.

"एक्स-रेचं मशीन जिन्याखाली मावेल," नणंद हळूच म्हणाली. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. "बाबा, म्हणजे तुम्हाला अफू नको होती?"

"छे!" सासरेबुवा म्हणाले, आणि दाराकडे एकदा बघून आवाज उतरवून पुढे म्हणाले, "पण आणलीच असलीत, तर परत कशाला करता?"