मावशींच्या खांद्यावरची पिशवी

मी एक जुनी शेकाची पिशवी आहे. आता जळकी म्हणा हवं तर. मित्रांनो, नाक मुरडू नका. हा करपट वास माझा नाही, माझ्या पोटातल्या तांदळाचा आहे, आणि तो कसा लागला हेच मला सांगायचं आहे.

मला शिवणवाल्या मावशींनी शिवलं. जन्मभर लोकांचे कपडे शिवून त्यांचा उजवा खांदा असा आखडला होता की हात कानाच्या वर जात नसे. स्वतःची वेणी स्वतःला घालता येत नाही, हे त्यांचं मोठं दुःख. सूनबाईंना सांगावं, तर "थांबा हं आई" म्हणून त्या ज्या जात, त्या संध्याकाळी उगवत.

एका दुपारी मावशींनी जुन्या सुती चादरीचा धड तुकडा निवडला. सुती दोऱ्यानं शिवला. थोडे कच्चे तांदूळ भरायचे, टीप मारायची, पुन्हा तांदूळ, पुन्हा टीप, असे माझ्या पोटात कप्पे पाडले, म्हणजे तांदूळ एका कोपऱ्यात गोळा होत नाहीत. मग रोज पाण्याच्या वाटीशेजारी मला मायक्रोवेव्हमध्ये जरा गरम करायचं आणि खांद्यावर घेऊन बसायचं.

माझी ऊब म्हणजे काय सांगू! शेजाऱ्यांचं म्हातारं मांजर एकदा माझ्यावर झोपलं, ते उठलं तेच तरुण होऊन. त्या दिवसापासून गल्लीतले उंदीर घरं बदलू लागले. खोटं वाटत असेल तर उंदरांना विचारा. पण हे मात्र खरं, की मावशींचा हात हळूहळू वर जाऊ लागला. एका सकाळी त्यांची बोटं भांगाला टेकली आणि त्या आरशासमोर एकट्याच हसल्या.

तेवढ्यात चिरंजीवांची नजर माझ्यावर पडली.

"आई, भारीच आहे की गं ही! आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या माना धरल्यात. शिव ना चार-दोन."

"अरे, आत्ता कुठे हात वर जायला लागलाय."

"बसून तर शिवायचं असतं. त्यात काय एवढं?"

झालं. चार-दोनाच्या डझनभर झाल्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशा सूनबाईंच्या मैत्रिणीही रांगेत आल्या. मावशी दिवसभर पिशव्या शिवायच्या आणि संध्याकाळी मला खांद्यावर घ्यायच्या. मी खांदा मोकळा करायची, तो दुसऱ्या दिवशी माझ्याच बहिणी शिवताना पुन्हा जखडायचा. बैलाला पाणी पाजतात ना, त्याची तहान भागावी म्हणून नाही, त्यानं पुढचा नांगर ओढावा म्हणून? मी तसलं पाणी झाले होते.

शेवटी डॉक्टरांनी बजावलं, "शिवण बंद. नाहीतर हा हात कायमचा खाली राहील." मावशी दवाखान्यातून परतल्या, तर मी जागेवर नव्हते. चिरंजीवांच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांची पाठ धरली होती, पिशवी एक कमी पडत होती. सूनबाईंनी मलाच उचलून चंदेरी तारांच्या किनारीचा नायलॉनचा अभ्रा चढवला होता. "आईंना काय, दुसरी शिवतील!"

"माझी पिशवी दिसली का रे?" मावशींनी विचारलं.

"सापडेल गं, कुठे जातेय," चिरंजीव मोबाईलमधून मान न काढता म्हणाले.

साहेबांच्या घरी मला अभ्र्यासकट मायक्रोवेव्हमध्ये टाकलं. चंदेरी तारांनी आत असा कडकडाट केला की साहेबांचा कुत्रा वीज पडली समजून पलंगाखाली शिरला, आणि साहेब त्याच्या आधीच तिथे होते. ठिणग्या, धूर, मायक्रोवेव्ह बंद. दुसऱ्या दिवशी मी कागदी पिशवीतून परत आले.

"हे काय शिवलंस गं?" चिरंजीवांनी मला मशीनवर आपटलं. "सगळ्यांदेखत माझी मान खाली गेली!"

मावशींनी जळका अभ्रा सोलून काढला. आत जुन्या चादरीचं कापड आणि स्वतःच्या टिपा.

"ही तर माझी आहे," त्या म्हणाल्या. "आणि हा अभ्रा कुणाचा?"

सूनबाई हळूच स्वयंपाकघरात सटकल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"ते जाऊ दे आता. दुसरी शिवून दे, उद्या न्यायचीय."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"एकच तर. शेवटची."

आणि मावशी बसल्या! मला वाटलं होतं, मशीन उचलून खिडकीबाहेर फेकतील. आईला कुठे जमतं ते. दोरा ओवायला हात उचलला, तो अर्ध्यावरच थांबला.

"एवढा ओवून दे रे."

"मला उशीर होतोय, आई."

त्यांनी डाव्या हातानं उजवं कोपर उचलून धरलं आणि कसाबसा दोरा ओवला. पिशवी झाली. साहेब खूश झाले. तो हात मात्र पुन्हा कानापर्यंत गेला नाही.

परवा मावशींनी केस मानेपर्यंत कापून घेतले. वेणीचा प्रश्नच मिटला. "छान दिसतं की गं आई!" असं घरात सगळे म्हणाले, आणि तेही अगदी मनापासून.

मित्रांनो, कुणाच्या हातचं काही आवडलं, तर "अजून एक" म्हणण्याआधी तो हात किती वर जातो तेवढं बघा. आणि कुणी दोरा ओवून मागितला, तर उशीर झाला तरी ओवून द्या.