जंतूच्या पोटातलं तांबडं

मित्रांनो, रीत आहे म्हणून मित्रांनो म्हणतो. मी एका जंतूच्या पोटातलं जुनं हिमोग्लोबिन आहे. हसलात ना? वाटलंच. लाल रंग म्हणजे आपल्याच रक्ताची मक्तेदारी, असा तुमचा समज. अहो, तुम्हाला रक्त फुटायच्या कितीतरी आधी माझे वाडवडील विषारी वायू पकडून निकामी करत होते. तुमच्या अंगातलं हिमोग्लोबिन आमच्याच भावकीतलं. ते प्राणवायूची हमाली करतं आणि मिरवता मात्र तुम्ही.

माझी बांधणी साधी आहे. पिळदार दांड्या एकमेकींवर रचलेल्या, मधे एक चपटं कडं आणि कड्यात लोखंडाचा एकच कण. युगं लोटली, बाकी पुष्कळ बदललं, पण ही घडी कुणी मोडली नाही.

प्रयोगशाळेतल्या एका मुलीने जंतू वाढवले, फोडले आणि गाळून गाळून मला वेगळं काढलं. मी एका नळीत बोटभर उरलो. तिचा अख्खा प्रबंध माझ्यावर उभा होता. ती मला बर्फातच ठेवायची.

मग तिचे सर आले. पाहुण्यांना दाखवायला मला उचलून नेलं आणि चहाच्या कपाशेजारी विसरले. रक्तावर जाडजूड पुस्तक लिहिलेला माणूस! दुपारपर्यंत मी तपकिरी झालो.

"सडलं हे. ओतून दे," सर म्हणाले.

"सर, एवढंच उरलंय. जंतूंचं मूळ वाणही गेलंय."

"मग तपकिरी पाण्यावर पदवी देऊ का तुला?"

ती मोरीपाशी गेली. नळी तिरकी केली. मग थांबली आणि वास घेतला. सडल्याचा वास नव्हता. नुसतं लोखंड हवेने बिघडलं होतं, गंजतं तसं. तिने थेंबभर बाजूला काढून त्यात हा गंज उतरवणारी पांढरी पूड टाकली. मी आधी जांभळट झालो, मग हवेतला ताजा प्राणवायू धरताच लालभडक.

"मी म्हणतच होतो, घाई करू नकोस," सर म्हणाले. लाज कशाशी खातात हे या माणसाला ठाऊक नव्हतं. वर हात पुढे केला. "आण इकडे, पाहुणे अजून बसलेत."

"पाहुण्यांना फोटो दाखवा, सर," ती म्हणाली आणि मला बर्फात खोचलं.

मित्रांनो, मला जपा अशी विनवणी मी करणार नाही. तुमच्या आधी होतो, तुमच्या मागेही असेन. तिला तेवढं जपा. ओतायच्या आधी वास घेणारी माणसं तुमच्यात फारशी नाहीत.