वाढलेला चुडा

चुडा भरला त्याच दुपारी पद्मजा मगदूमचे दोन्ही हात बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी संध्याकाळचं आकाश दिसायला लागलं. हात गेले नव्हते. ती त्यांनी वस्तू उचलत होती, नाक खाजवत होती. फक्त ते दिसत नव्हते, आणि जिथे दिसायला हवेत तिथून एक केशरी ढग सावकाश चालला होता.

आकाश तिच्या ओळखीचं होतं, तिनंच निवडलेलं. इचलकरंजीतल्या त्यांच्या घराच्या माडीवर एका भिंतीला हिरवं कापड ताणून लावलं होतं. समोर ट्रायपॉडवर मोबाइल, त्यामागे गोल दिवा आणि बाजूच्या टेबलावर लॅपटॉप. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर जिथे हिरवं दिसेल तिथे ते पुसून आकाश भरायचं. खेळांतल्या, गोष्टींतल्या पात्रांचे वेश घरी बनवायचे आणि ते घालून व्हिडिओ करायचे, याला कॉस्प्ले म्हणतात. पद्मजाची आत्या त्याला सोंग म्हणते, आणि खरं सांगायचं तर त्यात फारसं चुकत नाही.

हिरवं घालून हिरव्या पडद्यापुढे बसायचं नाही, हे पद्मजाला झोपेतही ठाऊक होतं. तिनं त्यापायी आपली आवडती ओढणी धाकट्या बहिणीला देऊन टाकली होती. पण सकाळी कासारणीनं मनगटं भरून हिरवा चुडा चढवला, आत्यानं दृष्ट काढली, आणि ही तशीच वर येऊन पडद्यापुढे बसली. चुड्याला कपडा कोण समजतं? एरवी भानगड लॅपटॉपपुरती राहिली असती. तिनं मान खाली घालून मांडीकडे पाहिलं तर तिथेही ढगच.

तिला संताप आला. आजच व्हायचं होतं का हे? स्पर्धेचा व्हिडिओ आज दिवेलागणीपर्यंत पाठवायचा होता. नियम एकच होता: बनवणाऱ्याचे हात दिसले पाहिजेत. लोक तयार वेश विकत आणून आपला म्हणून दाखवतात, म्हणून हा नियम. पद्मजाच्या प्रत्येक व्हिडिओखाली कुणी ना कुणी लिहायचंच, की बाई, हे विकत आणलंय. गेले कित्येक महिने तिनं फोमचे तुकडे कापून, हीट गननं वाकवून, चटके सोसत, पोलादी दिसणारे दोन पंख उभे केले होते. आता शेवटची पिसं चिकटवायची आणि पंख पाठीवर बांधायचे, एवढंच राहिलं होतं. हे माझे आहेत, हे तिला जगाला एकदा ठणकावून सांगायचं होतं. आणि हातच दिसेनात.

तिनं सॉफ्टवेअरमध्ये हिरव्याची पकड सैल करून पाहिली. पडदा परत दिसायला लागला, हात नाही. मग तिनं भिंतीवरचं कापड ओढून काढलं. मागे भिंत नव्हती, आकाशच होतं, आणि त्यात खालून वारा येत होता. तिनं कापडाची घडी घालून खुर्चीवर ठेवली.

तेवढ्यात श्रेणिकचा व्हिडिओ कॉल आला. परवा त्यांचं लग्न होतं. त्यानं तिचे हात नीट निरखून पाहिले, फिल्टर झकास आहे म्हणाला आणि मांडववाल्याशी बोलायचं म्हणून फोन ठेवला. वाईट नव्हता बिचारा, घाईत होता.

चुडा उतरवला की काम झालं असतं. पण लग्नाआधी चुडा उतरवायचा ही गोष्ट त्या घरात बोलायचीसुद्धा सोय नव्हती. पद्मजानं पदर खोचला आणि नुसत्या स्पर्शानं पिसं चिकटवायला घेतली. ग्लू गन हवेत आपली आपण फिरत होती, पिसं आपली आपण बसत होती. हे कुणाला दाखवलं असतं तर पंख भुतानं बनवले म्हणाले असते. एक पीस दाबताना हात टेबलाच्या पत्र्यावर आपटला आणि काच खळकन वाजली.

"कसला आवाज गं?" आत्यानं जिन्याखालून विचारलं.

"काही नाही आत्या, बांगडी वाढली."

लहानपणापासूनची सवय. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, अशुभ असतं, वाढली म्हणायचं. आणि बांगडी वाढली. तडा गेलेली ती काच मनगटावरून सुटली, रुंद होत कोपराच्या वर गेली, खांद्यावरून उतरून गळ्याभोवती येऊन थांबली. गळ्यापर्यंत सगळं आकाश झालं. पद्मजाला शब्द मागे घ्यायचा होता. फुटली, फुटली, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण त्या घरात बांगडीला तो शब्द कुणी कधी लावलाच नव्हता, त्यामुळे तो जिभेला सापडेना.

खोलीही आता राहिली नव्हती. टेबल होतं, दिवा होता, मोबाइलवर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका होता, आणि दाराचा उंबरा. पुसलं जात होतं ते हिरवं, पिवळं नव्हे. तिनं आईला हाक मारली, आणि येताना हळद आण म्हणाली.

आई ओल्या हळदीची वाटी घेऊन उंबऱ्यावर आली. पुढे जमीन नाही हे बघून तिथेच टेकली. खालून आत्या ओरडत होती, की आधी नवऱ्या मुलाला हळद लागते, मग त्याची उष्टी हळद उद्या इकडे येते, आजवर कुठल्या पोरीनं अशी घाई केलीय का. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"हळद तिच्यासाठीच वाटलीया नव्हं," ती म्हणाली. "मग तिला लावते."

तिनं हवेत चाचपडत पोरीचे हात शोधले आणि हळद चोळायला लागली. आधी एक अंगठा उमटला. मग बोटं, नखं, चटक्याचे जुने डाग, सगळं पिवळं. आईनं दोन्ही तळवे आपल्या हातांत धरून उलटसुलट करून पाहिले.

"हितंच तर हायत की," ती म्हणाली.

चुड्याला मात्र तिनं हळदीचं बोट लावलं नाही. हिरवं ते हिरवंच राहिलं.

पद्मजा मोबाइलसमोर उभी राहिली. पिवळ्या हातांनी तिनं उरलेली पिसं एकेक करून चिकटवली, सावकाश, प्रत्येक बोट दिसेल असं. मग पंख पाठीवर घेतले. पट्टा छातीवरून फिरवून कडीतून काढला. आता तो आवळायचा होता, आणि आवळायचा तर दोन्ही मनगटं एकमेकांवर दाबून जोर लावावा लागणार होता. चुड्याचं काय होईल ते तिला कळत होतं. आईलाही कळलं. तिनं वाटी तेवढी बाजूला ठेवली.

पद्मजानं पट्टा ओढला. सगळा चुडा एकदम खळाळला.

"आता काय झालं?" आत्यानं विचारलं.

पद्मजानं एकदा लाल ठिपक्याकडे पाहिलं. चालू होता.

"चुडा वाढला, आत्या," ती ठणठणीत आवाजात म्हणाली.

बांगड्या वाढत गेल्या. तिच्या हनुवटीवरून, कपाळावरून, टेबलावरून, दिव्यावरून गेल्या, उंबऱ्यापाशी आईच्या पायांना गार लागून थांबल्या. समोर केशरी आकाश होतं, त्यात दोन पोलादी पंख, आणि पंखांच्या मधोमध दोन पिवळे हात पट्ट्याची गाठ मारत होते. एक गाठ मारून झाली. हातांनी ती ओढून पाहिली आणि वरून दुसरी मारायला घेतली.