खिडकीतला अक्रोड

आमच्या डोंगरातल्या गावात लग्नं वर्षातून एकाच दिवशी लागायची, जुलैमध्ये, संत पेतारच्या सणाला. गावातले पुरुष उन्हाळ्यापुरतेच घरी असत. कुणी गवंडी, कुणी सुतार, कुणी गिलावा करणारा. सगळे परमुलखात कामाला. झाडावरून अक्रोड पडायला लागले की ते निघायचे. नवरा फाटकाबाहेर पडला की बायकोने त्याच्या पाठीमागे वाटेवर पाणी ओतायचं, त्याची वाट पाण्यासारखी सहज जावी म्हणून. आईने ओतलं, सासूने ओतलं, मीही ओतत आले. नवरा दूर असणं हेच आमच्याकडे लग्न. एखादा हिवाळ्यात घरीच राहिला तर शेजारणी विचारायच्या, "काय गं, बरं नाहीये का त्याला?"

म्हणून व्हिएन्नाच्या सरकारी कचेरीने जेव्हा कळवलं की तुम्ही दोघं कधी एकत्र राहिलाच नाहीत, हे लग्न खरं दिसत नाही, तेव्हा मला आधी हसूच आलं. हसू फार टिकलं नाही. वेल्को, माझा नवरा, तिकडे परांचीवरून पडला होता. कंबर गेली होती. औषधपाणी, पेन्शन, सगळं तिकडचं. त्याला स्वतःचे बूटसुद्धा घालता येत नव्हते. मी तिकडे जाऊन त्याच्याजवळ राहावं, एवढंच आम्हाला हवं होतं. पण युगोस्लाव्हिया मोडला होता, मध्ये सरहद्दी आल्या होत्या, आणि कागदापुरती लग्नं लावून जाणारेही पुष्कळ झाले होते. आम्हाला मूल नव्हतं. लग्नातला एक फोटो होता, त्यात आम्ही दोघं कुणाच्या तरी मयताला आल्यासारखे उभे. आता शेवटचं म्हणून दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारायचे ठरले. त्याला तिकडे, मला इकडे स्कोप्येला, त्यांच्या वकिलातीत.

आमचा संसार झाला तो रविवारी दुपारी, पोस्टातल्या फोनवर. तो तिकडे गेला त्या पहिल्याच हिवाळ्यात मी विचारलं होतं, "तुझ्या खिडकीतून काय दिसतं रे?"

तो जरा थांबला. "अक्रोड," म्हणाला. "आपल्या अंगणातल्यासारखाच."

"मग खिडकी लावून झोपत जा. अक्रोडाची सावली जड असते, झोपलेल्याला बाधते."

"शहरातलं झाड आहे ते, झफिरा. त्याची सावली इस्त्री करून येते."

तेव्हापासून दर रविवारी झाडाची खबर यायची. पालवी फुटली. पत्र्यावर अक्रोड पडून झोपमोड झाली. मग एक खार आली, एक कान फाटलेली. तिचं नाव आम्ही कानफाटी ठेवलं. घरी येऊन मी दुपारची अंग टाकायची आणि डोळा लागता लागता त्या खोलीत जायची. पडद्यावर पानांच्या सावल्या हलत असायच्या. वेल्को पाठमोरा बसलेला असायचा, हात चुन्याने पांढरे. मी काही बोलायची नाही. झाडाचा वास घरभर यायचा, तो आमच्या अंगणातून की तिथून, हे मला झोपेत कधी कळलं नाही आणि कळून घ्यावंसंही वाटलं नाही.

मग एका उन्हाळ्यात वेल्कोचा चुलतभाऊ स्पासे सुट्टीवर आला. माझ्या ओसरीवर बसून प्लमची दारू पीत होता. मी सहज खिडकीतल्या अक्रोडाचं विचारलं.

"वहिनी, कसला अक्रोड? तळघरात राहतो तो! खिडकीपुढे हातभरावर लाँड्रीची भिंत."

"तू नीट पाहिलं नसशील, भावजी."

"पाहिलं नसेन? त्या भिंतीला डोकं टेकून ओकलोय मी!"

त्या रविवारी मी पोस्टात जरा उशिराच गेले. फोन वाजला. तो म्हणाला, "कशी आहेस?" मी म्हणाले, "मी बरी आहे. कानफाटी कशी आहे?" झालं. मला कळलंय हे पुढे कधी त्याला कळू दिलं नाही. आणि नवल म्हणजे स्वप्नातलं झाडही गेलं नाही. फक्त आता ते भिंतीतून उगवायचं, आणि विटा पानांसारख्या हळूहळू हलायच्या.

वकिलातीतली बाई आखूड केसांची, थकलेली होती. शेजारी दुभाषी मुलगी. ती मला मावशी म्हणत होती. वेल्को कॉफीत साखर किती घालतो, कुठल्या कुशीवर झोपतो, असं विचारून झालं. मग बाई म्हणाली, "त्याच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं?"

भिंत म्हणावं, तर ते खरं. पण तिकडे तो काय म्हणाला असेल? मला अजून काही माहीत नाही असंच तो समजत होता. त्याला वाटणार, झफिरा झाडच सांगणार. आणि मला त्याला एकटं पडू द्यायचं नव्हतं.

"अक्रोड," मी म्हणाले.

बाईने समोरचा कागद उलटला. दुभाषी मुलीचा आवाज खाली आला. "मावशी, त्यांची माणसं खोली बघून आलीत. समोर भिंत आहे म्हणे."

"मला माहितीये, बाळा."

"मग झाड का सांगितलंत?"

"तिला म्हणावं, भिंत घराची आहे. झाड आमचं आहे."

मुलीने ते कसं सांगितलं कोण जाणे. बाईने कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. मग पेनचं टोपण लावत, सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, "झाडावर काही राहतं का?"

म्हणजे तिकडे तोही झाडच म्हणाला होता. "खार राहते," मी म्हणाले. "एक कान फाटलाय तिचा."

बाईने तोंडावर हात धरला. हसली की काय केलं, दिसलं नाही.

थंडी सुरू व्हायच्या आत परवाना आला. मी बोचकं घेऊन फाटकाबाहेर पडले, तेव्हा शेजारची पेत्काना बादली घेऊन धावत आली. "थांब गं, तुझ्यामागे कोण ओतणार?" माझ्या पाठीमागे पाणी ओतलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. वळून बघायचं नसतं, म्हणून बघितलं नाही.

तळघराच्या पायऱ्या उतरून गेले, तेव्हा वेल्को खुर्चीत बसला होता, कुणाकडून तरी बूट घालून घेऊन. मी खिडकीशी गेले. हातभरावर भिंत, गिलाव्याचे पोपडे सुटलेले, त्यावर वरून कुठून तरी आलेलं थोडंसं ऊन. मी पुष्कळ वेळ तिथे उभी राहिले.

"कानफाटी दिसत नाही कुठे," मी म्हणाले.

"रविवार आहे," तो हळूच म्हणाला. "गेली असेल कुणाकडे."

मग थोड्या वेळाने, "झफिरा, लाव ती खिडकी. सावली जड असते."

मी खिडकी लावली आणि त्याच्या पायाशी बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले.