टाचेला ठिगळे, भोक मांडीला

मी एक जुना गमबूट आहे. गुडघ्यापर्यंतचा साधा नव्हे. दोन पाय, वर विजार आणि खांद्यावर पट्टे असा छातीपर्यंत चढणारा. कारखान्यात माझे नाव काही वेगळे ठेवले असेल, पण धारूरजवळच्या आमच्या गावात मला सगळे 'लांब गमबूट'च म्हणतात. मित्रांनो, नावाचे मला काही वाटत नाही. नीट न तपासता लोक मला फेकायला निघतात, ते मात्र फार लागते.

गावच्या मच्छीमार सोसायटीला जाळ्यांबरोबर मी मिळालो. पहिल्या दिवशी चेअरमन विठ्ठलरावांनी मला घालून फोटो काढला. पाण्यात मात्र ते कधी उतरले नाहीत. खरी चाकरी मी केली ती उत्तरेश्वरची. तो सहा महिने ऊस तोडायचा आणि गावी परतला की तलावात मासे धरायचा. तलाव झाला तेव्हा त्याच्या वडिलांचे शेत विहिरीसकट पाण्याखाली गेले होते. त्या विहिरीचे तोंड गाळात कुठे आहे, हे एकट्या त्याच्या पायांना ठाऊक होते. म्हणून जाळे घेऊन तो पुढे आणि बाकीचे मागे, अशी आमची रीत.

मग लागोपाठ दोन वर्षे पावसाने तोंड दाखवले नाही. तलाव आटून मधल्या डबक्यावर आला. कमरेइतके पाणी आणि त्यात सोसायटीचे सगळे मासे! पाणी तापले, मासे वर येऊन तोंड उघडू लागले. दोन-तीन दिवसांत ते काढले नाहीत तर सगळ्यांची मेहनत कुजणार होती. नेमका तेव्हाच उत्तरेश्वर उसाच्या फडातून आला तो डाव्या नडगीवर कोयता लागून. आठ टाके पडले होते. जखमेला घाण पाणी लागले तर पाय वाचेल याची खात्री नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"लांब गमबूट हाय की," तो बायकोला, चंद्रभागाबाईला म्हणाला. "थेंब लागणार न्हाई."

मी मनातून हादरलो. मी गळत होतो! टाचेशी ओल यायची म्हणून त्याने मला टाचेवर तीन ठिगळे लावली होती आणि काम झाले असे धरून चालला होता. मला ओरडून सांगता येत असते तर!

पाण्यात दहा पावले गेलो आणि माझ्या डाव्या पायात धार लागली. पाणी पोटरीपर्यंत चढले. मी जड झालो आणि गाळात रुतून बसलो. उत्तरेश्वर हलेना. विहीर चार हातांवर होती.

"त्रिंबक, दोर टाक रं! लवकर!" तो ओरडला.

त्याच्या जोडीदाराने, त्रिंबकने, दोर टाकून आम्हाला ओढून काढले. पट्टी चिंब झाली होती. चंद्रभागाबाईने उकळलेल्या पाण्याने जखम धुतली, औषध लावले.

विठ्ठलराव म्हणाले, "फेकून दे तो. ठराव घिऊन नवा मागवतो. पंधरा दिसांत यील."

"अन् मासे पंधरा दिस थांबत्यात व्हय?" चंद्रभागाबाईने विचारले आणि मला उचलून घरी आणले.

तिने मला लिंबाच्या फांदीला पट्ट्यांनी टांगले, खाली घमेले ठेवले आणि डाव्या पायात दोन घागरी पाणी ओतले. शेजारच्या सारजाबाई धावत आल्या. टँकर आठ दिवसांनी यायचा.

"प्यायचं पाणी बुटात कावून घालतीस, बाई?"

"शेळीला पाजीन मागून. आधी भोक तर दिसू द्या."

टाच कोरडीच होती. थेंब येत होते ते वरून, मांडीच्या मागून! पाणी तिथून आत शिरायचे आणि टाचेशी साचायचे. भोकाजवळ बारीक ओरखडे होते. चंद्रभागाबाईने त्यांवरून बोट फिरवले आणि कोयत्याकडे पाहिले. ऊसतोडीच्या सवयीने उत्तरेश्वर पाण्यातही कोयता कमरेला मागे खोचायचा, बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांत अडकलेले जाळे सोडवायला. त्याचे टोक पावलागणिक मला टोचत होते. ज्याने त्याची नडगी कापली, त्यानेच मला भोक पाडले होते.

तिने मला वाळवले, दगडाने घासले, सायकलच्या ट्यूबचे ठिगळ सोल्युशनने चिकटवले आणि वर दाबायला जात्याची जड तळी ठेवली.

सकाळी उत्तरेश्वरचा हात सवयीने कोयत्याकडे गेला. तिने तो आधीच उचलला होता. "ह्यो माज्यापाशी ऱ्हाईल. तुमी जावा."

कमरेइतक्या पाण्यात तो दोन तास उभा होता. विहिरीच्या काठाने एकेक पाऊल चाचपत त्याने जाळे फिरवले. ठिगळावर पाणी दाबत होते आणि मी भेदरलो होतो. शेवटचे जाळे काठाला लागले तेव्हा सगळे माशांकडे धावले. चंद्रभागाबाई मात्र त्याच्या पायाशी बसली. मला उतरवून तिने पट्टीवर तळहात ठेवला.

"कोरडी हाय," ती म्हणाली आणि तिथेच रडू लागली.

पुढे नवा गमबूट आला. विठ्ठलराव मला उकिरड्यावर टाकायला निघाले, तेव्हा तिनेच अडवले. "नवा वापरा की. पर ह्याला ठिवा. ह्याचं भोक कुठं हुतं, मला ठावं हाय. नव्याचं कुठं पडंल, कुणाला ठावं?"

मित्रांनो, आता सोसायटीच्या भिंतीवर मी उलटा टांगलेला असतो. कोयत्याला वेगळा खिळा आहे, माझ्यापासून चांगला दूर. तुमच्या घरातले काही गळू लागले, तर फेकण्याआधी एकदा त्यात पाणी भरून बघा. जिथे ओल दिसते तिथेच भोक असेल असे समजू नका.