देव पाण्यात असताना

खडकीला पहिली तोफ उडाली त्याच दिवशी मथुराबाईंनी देव पाण्यात घातले. तांब्याचं मोठं घंगाळ काठोकाठ भरलं, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, कुलस्वामिनीचा टाक असे सगळे एकेक करून आत सोडले आणि वर परात झाकली. मागणं पुरं होईपर्यंत देवांनी असंच बुडून राहायचं, ही रीत. जरा गुदमरल्याशिवाय देवांनाही भक्ताकडे बघायला सवड होत नाही, असा पूर्वजांचा अनुभव असावा. बुधवार पेठेत त्या दिवशी इतक्या घरांनी देव बुडवले की आडावर पाण्यासाठी भांडणं झाली.

दिगंबरपंतांनी हातावर पाणी घेऊन खणखणीत आवाजात संकल्प सोडला. श्रीमंतांचा जय होवो, इंग्रजांचा मोड होवो. बायकोनं अशा वेळी स्वतःचं काही म्हणायचं नसतं, नवऱ्याच्या हाताला हात लावला की तिचंही मागणं त्यातच आलं. मथुराबाईंनी हात लावला आणि मनातल्या मनात आपलं वेगळं मागून घेतलं. माझा माधव घरी येऊ दे, राज्याचं तुमचं तुम्ही बघा.

माधव त्यांचा एकुलता एक. बापासारखा श्रीमंतांच्या फडावर, दप्तरात बसून लेखणी घासायची सोडून पागेत शिरला होता. घोडा, भाला, कमरेला तलवार. बायको वाईला माहेरी, सातवा महिना लागलेली. आणि हा खडकीच्या माळावर. मागणं मागून झालं आणि मथुराबाई चरकल्या. एकाच घंगाळातल्या देवांकडे नवऱ्यानं एक मागावं आणि बायकोनं दुसरं, असं कुणी केलेलं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. दोन्ही मागणी एकमेकांच्या आड आली तर देव कुणाचं ऐकणार? राज्याचं तुमचं तुम्ही बघा, हे तर फारच उद्धट झालं होतं. पण गेलेला शब्द मागे घेता येईना. खरं सांगायचं तर घ्यावासा वाटेना.

त्यानंतरची दिवाळी ही काही दिवाळी नव्हे. पणत्या लावल्या, पण त्यासुद्धा आतल्या अंगाला. खडकीहून आपलं सैन्य परत शहराजवळ येऊन उतरलं होतं. कुणी म्हणे आपण जिंकलो, कुणी म्हणे जिंकलो असतो. माधवचा निरोप नव्हता. रोज सकाळी मथुराबाई परात उचलून घंगाळातलं पाणी बदलत, आणि बदलताना देवांच्या तोंडाकडे बघायचं टाळत.

दिगंबरपंत मात्र रोज नेमानं फडावर जात. तिथं आता कुणी येत नव्हतं. पंत आपले बैठकीवर दोन घटका बसत, दौत भरत आणि घरी येत. "काय काम झालं?" असं मथुराबाईंनी विचारलं, तर म्हणत, "झालं ना. राज्य आहे की नाही ते बघून आलो. आहे अजून."

या राज्याला पंतांइतक्या शिव्या शहरात कुणी दिल्या नसतील. गेली कित्येक वर्षं जेवताना त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. मामलती लिलावात निघतात, घेणारा रयतेला उलटी टांगून वसूल करतो, आणि वरती रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटणं चालू. "धर्म वाढतोय, माणसं तेवढी कमी होतायत," असं ते भातावर वरण ओतून घेता घेता म्हणत. पण हे घरात, आणि तेच बोलणार. दुसऱ्यानं बोललेलं त्यांना खपत नसे.

शेजारचे श्रीनिवासपंत नेमके हेच विसरले. शालू-पैठण्यांचं त्यांचं दुकान, माणूस आनंदी आणि जिभेला हाड नसलेला. भाऊबिजेच्या सकाळी ओट्यावर येऊन म्हणाले, "पंत, आपण काही म्हणा, कंपनी सरकार आलं तर व्यापाराला बरं हो. घाटातून माल सुखरूप येईल. शिवाय कुणाच्या देवाधर्माला हात लावत नाहीत म्हणतात."

"असं म्हणतात का?" दिगंबरपंत म्हणाले. "तुमच्या घरी नवराबायकोचं भांडण झालं, तर तुम्ही रस्त्यावरच्या माणसाला बोलावून पलंगावर झोपवता का?"

श्रीनिवासपंतांचा चेहरा उतरला. "तसं नव्हे हो."

"तसंच आहे. वाईट आहे ते आमचं आहे. आम्ही त्याला वाईट म्हणू. तुम्ही शालू विका."

मथुराबाई दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. नवऱ्याचा त्यांना अभिमान वाटला, आणि लगेच भीती. हा माणूस असा बोलतो, आणि मी देवांना काय सांगून बसले?

बिबवेवाडीचा गेनबा रोज भाजीची पाटी घेऊन येई. त्याच्या शेतालगतच माधवच्या पागेचा तळ पडला होता, म्हणून मथुराबाई वांगी घेता घेता त्यालाच खोदून खोदून विचारत.

"हायेत बगा धाकलं धनी," एके दिवशी गेनबा म्हणाला. "म्या सोता पायलं. घोड्याला वैरण घालत व्हते. माझ्याच रानातली."

"म्हणजे?"

"उभी जोंधळी कापली की बाई आपल्या मान्सांनी. अजून पोटरीला बी न्हवती आली." तो रागानं बोलत नव्हता, हेच विशेष. "मी म्हनलं, अरं आपलीच ना तुमी? तर म्हनत्यात, आपलीच म्हून तर तुज्या रानात शिरलो, दुसऱ्याच्या रानात कोन शिरू दील?"

"मग रे?"

"मग काय. खरंच हाय ते. इंग्रजानं कापली असती तर म्या इळा घिऊन धावलो असतो. ह्येंच्यावर कसा धावू?" पाटी डोक्यावर घेऊन तो निघून गेला. माधव जिवंत आहे एवढंच मथुराबाईंच्या कानात राहिलं, आणि त्या आनंदात त्यांनी वांगी ओट्यावरच टाकली आणि दार सताड उघडं ठेवून आत जाऊन परातीवर डोकं टेकलं.

कार्तिकातल्या अष्टमीला दुपार कलल्यावर येरवड्याच्या बाजूनं तोफा सुरू झाल्या. नदीपलीकडून इंग्रज उतार शोधतोय, आपले लोक अडवतायत, अशी बातमी गल्लीभर झाली. प्रत्येक बाराला मडक्यांची उतरंड थरथरे. मथुराबाईंनी चूल पेटवलीच नाही. दिगंबरपंत झोपाळ्यावर बसून होते, पण झोपाळा हलत नव्हता. अंधार पडल्यावर बार थांबले. थांबले ते का थांबले, हे सांगायला कुणी आलं नाही. त्या रात्री दोघंही जागीच होती आणि दोघंही झोपल्याचं सोंग करत होती.

सकाळी उजाडलं तेव्हा मथुराबाईंना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते कळेना. सडा घालताना शेजारणीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नगारा नाही वाजला."

खरंच. श्रीमंतांच्या वाड्याच्या दरवाज्यावरचा नगारखाना त्यांच्या लग्नापासून एक सकाळ चुकला नव्हता. त्याचा आवाज आता ऐकूही येत नसे, इतका सवयीचा. मथुराबाई हातातली सड्याची बादली तशीच ठेवून आत आल्या. "अहो, नगारा वाजला नाही."

"कळलं," दिगंबरपंत म्हणाले. "श्रीमंत रातोरात निघाले, सासवडच्या वाटेनं. फौजही मागोमाग." ते पगडी घालून बसले होते, पण फडावर जायला उठले नव्हते.

तेवढ्यात परसदाराची कडी वाजली. मथुराबाई धावल्या. दारात माधव उभा होता. दाढी वाढलेली, अंगरख्याच्या बाहीला कुणाचं तरी रक्त, पण हातपाय धड. त्यांनी त्याला चाचपून पाहिलं, तोंडावरून हात फिरवला, आणि मग आवाज न करता रडल्या. देवानं ऐकलं होतं. अक्षर न् अक्षर ऐकलं होतं. मुलगा घरी आला होता आणि राज्य गेलं होतं, तेही एकाच सकाळी.

"आई, बसायला वेळ नाही," माधव म्हणाला. "घोडा गेनबाकडे बांधलाय. पागा पुढे गेली. मी घरी तोंड दाखवून येतो म्हणून मागे राहिलो. भाकरी दे बांधून."

"कुठं जाणार?"

"श्रीमंत जातील तिथं."

मथुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पंत म्हणाले, "जायलाच हवं. आपल्या तीन पिढ्या त्यांच्या अन्नावर जगल्या." म्हणाले खरं, पण भिंतीकडे बघून म्हणाले.

माधव आत गेला. कुठंही निघायचं तर देवांना नमस्कार करून, हातावर दही घेऊन निघायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. देव्हारा रिकामा. खाली घंगाळ. तो म्हणाला, "आई, देव काढ ना बाहेर. पाया पडतो."

मथुराबाई परातीवर हात ठेवून घंगाळापाशी बसल्या. देव बाहेर काढले की मागणं पुरं झालं, नवस फिटला, आणि मुलगा मोकळा झाला. मग परसदार, मग बिबवेवाडी, मग घाट, आणि पुढे कुठं तोफ लागेल ते कुणी सांगावं. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, तो अगदी ठाम होता.

"देव पाण्यात असताना घरातलं माणूस वेस ओलांडत नाही."

"हे कुणी सांगितलं?"

"रीतच आहे. माझ्या सासूबाईंनी सांगितलेली." सासूबाईंनी असलं काही सांगितलं नव्हतं. सांगायला त्या बिचाऱ्या आता हयातही नव्हत्या. "तसं गेलं तर त्या माणसाचं..." पुढचं त्यांना बोलवेना. ती भीती मात्र खोटी नव्हती.

"मग काढ ना देव."

"मागणं पुरं झाल्याशिवाय काढता येत नाहीत. जय व्हावा म्हणून घातलेत. झालाय का जय?"

माधव गोंधळला. मग त्यानं बापाकडे पाहिलं. मथुराबाईंना वाटलं, आता सगळं संपलं. कारण दिगंबरपंत म्हणजे आळीचं शास्त्र होते. सुतक किती, सोवळं कुठवर, प्रवासाला वार कोणता, हे विचारायला लोक त्यांच्याकडे येत, आणि ते कुणाची भीड न ठेवता सांगत. श्रीनिवासपंतांच्या मुलीचं ठरलेलं लग्न त्यांनी मुहूर्ताच्या एका दोषापायी पुढं ढकलायला लावलं होतं, व्याही रुसले तरी. खोटं शास्त्र हा माणूस सांगणार नाही. आत्ता म्हणेल, असलं काही नाही, बायकांच्या गप्पा आहेत, पाया पड आणि नीघ.

"नाना," माधवनं विचारलं, "असं आहे का शास्त्रात?"

दिगंबरपंतांनी पगडी काढली आणि मांडीवर ठेवली. डोक्यावरचे चार पांढरे केस घामानं चिकटले होते. मथुराबाईंना ते एकदम फार म्हातारे वाटले.

"आहे," ते म्हणाले.

"नक्की?"

"आहे म्हटलं ना."

माधव क्षणभर उभा राहिला. मथुराबाईंना वाटलं, आता हा चिडेल, वाद घालेल, शास्त्र गेलं खड्ड्यात म्हणेल. त्यांनी त्याचे पाय धरायची तयारी केली. पण त्यानं कमरेचा शेला सोडायला घेतला. इतक्या घाईनं, की गाठ आणखीच आवळली. मग तलवार कोपऱ्यात टेकवली, खाली बसला, आणि त्याला हुंदका फुटला. "शास्त्रच असेल तर काय करणार," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. आपल्याला कुणीतरी अडवावं म्हणूनच पोरगं घरी आलं होतं, हे मथुराबाईंना कळलं. त्यांना त्याची दया आली, आणि लाजही वाटली. त्याची, स्वतःची, सगळ्यांचीच. माधव तिथंच जमिनीवर लवंडला आणि तसाच झोपी गेला.

जरा वेळानं पुढचं दार वाजलं. मथुराबाईंनी माजघराचं दार ओढून घेतलं आणि त्या मागे उभ्या राहिल्या. श्रीनिवासपंत धापा टाकत आले होते. "पंत, वाड्यावर निशाण चढलं हो त्यांचं. जरीपटका नाही." एवढे दिवस कंपनीचे गोडवे गाणारा हा माणूस, पण त्याचा आवाज चिरकत होता. तो तिथंच पायरीवर बसला. "मी बघून आलो. चार माणसं उभी होती. कुणी काही बोललं नाही. मीही नाही बोललो. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल."

दिगंबरपंतांनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"आमच्या हिनं विचारायला पाठवलंय," श्रीनिवासपंत उपरण्यानं तोंड पुसत म्हणाले. "देव पाण्यात आहेत आमचेही. जय व्हावा म्हणून घातले होते. आता जय तर झाला नाही. मग काढायचे की नाही? घरोघर हाच घोळ झालाय. तुम्ही सांगाल तसं करू म्हणतात सगळे. काय म्हणतं शास्त्र?"

"मला विचारू नका."

"अहो, तुम्हाला नाही तर कुणाला?"

"कुणालाही विचारा. आजपासून मला शास्त्र विचारायचं नाही."

श्रीनिवासपंतांना वाटलं, निशाणाच्या दुःखानं पंत असं बोलतायत. त्यांनी मान हलवली, हात जोडले आणि ते निघून गेले. दिगंबरपंत आत आले. झोपलेल्या मुलाला ओलांडून घंगाळापाशी गेले, परात उचलून आत पाहिलं आणि पुन्हा झाकली.

"पाणी बदल," ते बायकोला म्हणाले. "देव राहू देत आत."

"किती दिवस?"

"हा जायचं म्हणून पुन्हा विचारीपर्यंत."

मथुराबाईंनी कळशी उचलली आणि त्या आडावर गेल्या. माधव पुन्हा विचारणार नव्हता, हे दोघांनाही कळलं होतं.