मिस्त्रीची नजर अन् यंत्राचा झिरो

वकारचं कोन मोजायचं यंत्र कसं बिघडलं, हे चिखलीत फक्त मले माहीत होतं. त्यानं दोनदा बॅटरी बदलली, दुकानदाराले फोनवर नाई नाई ते बोलला. मी आपली तोंडाले पदर लावून खुर्चीले पॉलिश मारत बसली होती. हसू दाबता दाबता बरगड्या दुखल्या माझ्या.

मी बानो. आमचे मिस्त्री, म्हणजे माझा नवरा वाहेद, चाळीस वर्षं झाले सुतारकाम करून राह्यले. दुसरे सुतार काटकोन पाहाले गुण्या लावतात. आमचे मिस्त्री एक डोळा मिटून नुसतं पाहत. "वाहेदची नजर म्हणजे गुण्या," असं सारं गाव म्हणे. ऐकून ऐकून मिस्त्री फुगले, अन् खरं सांगते, मीबी फुगली.

पण दोन वर्षांपासून त्या नजरेत मोतीबिंदू उतरला होता. मिस्त्री चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवत अन् टेबलाले शिव्या देत. मी एकदा म्हटलं, डॉक्टरले दाखवा, तं दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाई. मंग मी तोंड शिवून घेतलं.

अशात वकारनं ते यंत्र आणलं. वकार माझ्या मोठ्या दिराचा पोरगा, तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, दुकानात आमचा भागीदार. यंत्र काडेपेटीहून जरा मोठं, बुडाशी लोहचुंबक, वर मोठे मोठे उजेडाचे आकडे. मशीनच्या टेबलावर ठेवून बटन दाबून झिरो करायचं, मंग करवतीच्या पात्याले चिकटवायचं. पातं किती कललं ते लगेच दिसते. वकारनं पहिल्याच दिवशी ते मिस्त्रीच्या एका तिरक्या कापाले लावलं. पंचेचाळीस पाहिजे होते, चव्वेचाळीस आले.

"चाचा, तुम्ही आता आराम करा," वकार म्हणे. "मशीनवर मी पाहतो."

मिस्त्री उठून बाजूले झाले. माझं मात्र टाळकं सरकलं. ज्याचा शेंबूड मी पुसला, तो माझ्या माणसाले मशीनवरून उठवते?

आता वकारची एक सवय. झिरो सकाळी एकदाच करायचा. "चाची, बंद करून चालू केलं तरी हे झिरो विसरत नाई," असं त्यानंच मले मोठ्या तोऱ्यात सांगतलं होतं. झालं तं मंग. दुपारी तो जेवाले घरी गेला की मी एसटीच्या तिकिटाची घडी करून यंत्राच्या एका टोकाखाली सरकवायची, झिरोचं बटन दाबायचं, अन् तिकीट पोलक्यात. अर्ध्या अंशाचा फरक, डोळ्याले दिसत नाई. पण जोड लावला की फट दात काढून हसते.

आठ दिवसांत वकारच्या तीन चौकटी वाया गेल्या. नवव्या दिवशी त्यानं यंत्र ड्रॉवरमध्ये फेकलं. "भंगार हाय हे," म्हणे. "चाचा, विहाराचं काम तुम्हीच करा."

त्या दिवशी मी गोड सांजा केला, वरून तुपाची धार सोडून.

विहाराचं काम मोठं नाजूक होतं. बेबीताई, शाळेच्या निवृत्त बाई, यांनी बुद्धमूर्तीसाठी आठ बाजूंची सागवानी बैठक सांगतली होती. बुद्धपौर्णिमेले दोन दिवस राह्यले होते. आठ उभ्या फळ्या, सोळा कडा, हर कड साडेबावीस अंशांत कापायची. एका कडेत केसभर चुकलं की सोळा केस जमा होतात अन् शेवटचा जोड मिळतच नाई. हे जमलं नाई तं चाळीस वर्षांचं नाव विहाराच्या मधोमध उघडं पडणार होतं.

मिस्त्रीनं दार लावून घेतलं. "कोणी आत यायचं नाई," म्हणे. दुपारी मले हाक मारली. आठही फळ्या गोल उभ्या केल्या होत्या, सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळल्या होत्या. सात जोड बसले होते. आठव्यात माझं बोट गेलं.

मिस्त्री स्टुलावर बसून होते. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून ते यंत्र काढलं.

"तुम्ही हे काऊन घेतलं?"

"मले पेन्सिलची रेघ दिसत नाई, बानो. याचे आकडे दिसतात. सारे म्हणत, नजर, नजर. माझा काप चुकला हे मले याच्याएवढं तोंडावर कोणी सांगतलं नाई. म्हणून भरवसा ठेवला. वकारले इचारायची लाज वाटली, चालूचं बटन दाबलं अन् कापत गेलो. आज यानंबी दगा दिला."

मले वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. ज्याच्यासाठी एवढे उपद्व्याप केले, त्याचाच हात मी धरून वाकडा केला होता.

"त्यानं नाई दिला," मी म्हटलं. "मी दिला." अन् तिकिटापासून सांज्यापर्यंत सारं सांगून टाकलं.

वाटलं, आता फळी बसते पाठीत. पण मिस्त्री उठले, दार उघडलं अन् म्हणे, "वकार, इकडे ये बे. झिरोचं बटन कोणतं, ते मले दाखव. अन् तुह्या चाचीले याच्याजवळ येऊ देऊ नको."

वकारले सारं समजलं तवा तो पहिले चिडला, मंग मिस्त्रीच्या डोळ्याकडे पाहून यंत्र झिरो कराले बसला. दोघांनी सोळाही कडा पुन्हा कापल्या. बैठक बोटभर बारीक झाली, पण आठवा जोड असा बसला की कागद जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी बेबीताई आल्या. आठही जोडांवरून हात फिरवून म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या नजरेले तोड नाई."

मिस्त्रीनं मान हलवून एक 'हाव' म्हटलं असतं तं नाव वाचत होतं.

"नजर गेली, ताई," मिस्त्री म्हणाले. "दोन वर्षं झाले. हे काम यंत्राचं अन् वकारचं हाय. सोमवारी मी बुलढाण्याले डोळ्याच्या ऑपरेशनले चाललो."

बेबीताई खुर्चीत बसल्या. "दोन वर्षं?"

"हाव."

"म्हणजे मागच्या साली तुम्ही मले कपाट करून दिलं, तवाबी?"

"तवाबी."

"त्याचं दार आपोआप उघडते, मिस्त्री. वाहेदचं काम वाकडं असूच शकत नाई, म्हणून मी घरच वाकडं समजली. गवंड्याले बोलावून सारी फरशी उखडाले लावली."




मिस्त्रीनं मान खाली घातली, अन् वकारनं हळूच यंत्र खिशात टाकून ताईचं कपाट पाहाले चप्पल घातली.